चर्मपूरण : कामाचे मूल्यनिर्धारण

मृत प्राण्याचे कातडे सोडवून, ते टिकाऊ करून व कृत्रिम देहाकृतीवर चढवून प्राण्याला मूळचे रूप देण्याच्या कलेस चर्मपूरण म्हणतात. व्यवहारात तिला ‘पेंढा भरणे’ असेही म्हणतात. तथापि हा शब्दप्रयोग जुन्या पद्धतीचा निदर्शक असून आधुनिक कामात पेंढा किंवा भुसा जवळजवळ वापरला जात नाही. या कामाची रास्त किंमत ठरविणे हा व्यवसायातील एक अवघड प्रश्न आहे. कातडे ग्राहकाचे असते, सामग्री तुलनेने स्वस्त असते आणि तयार वस्तूत दिसतो तो प्राणी, कारागिराचे श्रम दिसत नाहीत. त्यामुळे किंमत प्राण्यावरून ठरवावी असा समज रूढ होतो. प्रत्यक्षात चर्मपूरक विकतो ती वस्तू नव्हे, तर कौशल्याचा वेळ होय. म्हणून रास्त किंमतीचा पाया त्या वेळाचे प्रामाणिक मोजमाप हाच असू शकतो.

कामाचे टप्पे व लागणारा वेळ : प्राणी हाती आल्यावर प्रथम त्याची मापे घेतात. डोळ्यांमधील अंतर, मानेचा घेर, धडाची लांबी इ. मापे कातडे सोडविल्यानंतर पुन्हा घेता येत नाहीत. मग कातडे सोडवून त्याच्या आतील बाजूचे मांस व चरबी खरवडून काढतात. कान, ओठ, पापण्या व पंजे यांच्यातील कूर्चा व स्नायू काढण्याचे काम नाजूक असते. सस्तन प्राण्यांचे कातडे मीठ लावून सुकवितात, आम्ल व मीठ यांच्या द्रावणात ठेवतात, सोलून पातळ करतात आणि कमावतात. पक्ष्यांचे कातडे सामान्यतः कमावीत नाहीत. ते धुऊन, चरबीमुक्त करून व परिरक्षक द्रव्य लावून वापरतात. पुढे देहाकृती निवडणे किंवा घडविणे, काचेचे डोळे बसविणे, स्नायूंचे उठाव चिकणमातीने साधणे, कातडे चढवून शिवणे, ते वाळेपर्यंत त्यावर लक्ष ठेवणे आणि शेवटी नाक, ओठ, पाय इ. उघड्या भागांना रंग देणे ही कामे येतात.

या टप्प्यांत दोन प्रकारचा काळ जातो. एक कारागिराच्या हाताचा व दुसरा नुसता प्रतीक्षेचा. मीठ मुरणे, कातडे कमावले जाणे व तयार नमुना वाळणे यांना मिळून अनेक आठवडे लागतात. परंतु त्यांतील हाताच्या कामाचे तास थोडेच असतात. काम सहा महिन्यांनी मिळाले म्हणून ते महाग असावे हा ग्राहकाचा समज आणि काम केवळ काही तासांचे म्हणून ते स्वस्त असावे ही त्याची अपेक्षा, दोन्ही या दोन काळांची गल्लत केल्याने उद्‌भवतात. प्रतीक्षेच्या काळाची मजुरी लागत नाही. मात्र त्या काळात शीतपेटी, जागा व देखरेख यांचा खर्च चालूच असतो.

आकारमानानुसार दर : अनेक कारागीर प्राण्याच्या आकारमानावर दर ठरवितात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत माशांच्या कामाचा दर लांबीच्या दर इंचास सांगण्याची प्रथा आहे, तर हरणाचे खांद्यापर्यंतचे मुंडके एकाच ठराविक किंमतीस करून देतात. अशा दरपत्रकाने ग्राहकास किंमत आधी कळते व घासाघीस टळते, हा त्याचा फायदा होय. परंतु श्रम व आकारमान यांचे प्रमाण सरळ नसते. एकाच आकाराच्या माशाची लांबी दुप्पट झाली, तर त्याचे रंगवावयाचे पृष्ठफळ सु. चौपट होते. उलट चिमणीएवढ्या पक्ष्याचे कातडे इतके पातळ असते की, ते न फाटता सोडविण्यास कोंबड्याहून अधिक सावधगिरी लागते. तरीही आकारमानाच्या दराने त्याची किंमत सर्वांत कमी येते. म्हणून दरपत्रक वापरावयाचे झाल्यास त्यातील प्रत्येक आकडा आधी केलेल्या कामांच्या तासांच्या नोंदींतून काढलेला असावा. शेजारच्या कारागिराच्या दरपत्रकावरून उतरवून घेतलेला नसावा. ज्याची जागा स्वतःची आहे, ज्याच्या घरातील माणसे विनावेतन हातभार लावतात किंवा ज्याचा चरितार्थ दुसऱ्या नोकरीवर चालतो, त्याचा दर पूर्णवेळ कारागिरास परवडेलच असे नाही.

इतिहास : या कलेतील श्रमाचे अवमूल्यन जुनेच आहे. १८२६ मध्ये एडिंबरो येथे वैद्यकाचा विद्यार्थी असताना चार्ल्‌स डार्विन यांनी जॉन एडमन्स्टन यांच्याकडून पक्ष्यांचे चर्मपूरण शिकून घेतले. एडमन्स्टन हे ब्रिटिश गियानात गुलामगिरीत जन्मलेले व पुढे मुक्त झालेले कृष्णवर्णी कारागीर होते. निसर्गाभ्यासक चार्ल्‌स वॉटर्टन यांच्याकडून ते ही कला शिकले होते. रोज एक तास याप्रमाणे दोन महिन्यांच्या शिकवणीचे त्यांचे शुल्क एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग होते. शिकवणीचे ४० ते ६० तास धरल्यास तासाला ४ ते ६ पेन्स पडतात. हे शुल्क स्वस्त असल्याचे डार्विन यांनीही घरी लिहिलेल्या पत्रात नमूद केले होते. पुढे ‘बीगल’ जहाजावरील प्रवासात (१८३१–३६) त्यांना पक्ष्यांचे नमुने टिकवून मायदेशी पाठविता आले, ते या कौशल्याच्या बळावर. शिकविणाऱ्यास मिळालेले मोल आणि त्या विद्येचे विज्ञानाला झालेले मोल यांतील हे अंतर बोलके आहे.

त्यापूर्वी अठराव्या शतकात फ्रान्समध्ये झां बातिस्त बेकर (१७१८–७७) यांनी आर्सेनिकयुक्त साबण तयार केला होता. त्यामुळे कातड्यांचे किडीपासून रक्षण होऊ लागले. परंतु ते द्रव्य विषारी असल्याने त्याची खरी किंमत कारागिराच्या शरीराला मोजावी लागली व ती कोणत्याही देयकात दिसली नाही. विसाव्या शतकातही आर्सेनिकाचा वापर दीर्घकाळ चालू होता. आज सुरक्षित परिरक्षके, हातमोजे, श्वसनरक्षक आवरणे व वायुवीजन यांवर होणारा खर्च हा किंमतीचा रास्त घटक मानला पाहिजे.

अमेरिकेत कार्ल एकली (१८६४–१९२६) यांनी मातीत प्राण्याचे स्नायूंसह शिल्प घडवून, त्याचा साचा घेऊन हलकी पोकळ देहाकृती बनविण्याची पद्धत परिपूर्ण केली. तिने चर्मपूरण शिल्पकलेच्या पातळीवर गेले. त्याबरोबर एका नमुन्यास लागणारा वेळही पुष्कळ वाढला. असे काम खाजगी ग्राहकाच्या ऐपतीबाहेरचे असल्याने ते मुख्यतः संग्रहालयांच्या आश्रयाने वाढले. याउलट म्हैसूर येथील व्हॅन इंजेन कुटुंबाच्या कारखान्यात वाघ व बिबटे यांच्या निरनिराळ्या मापांचे साचे तयार ठेवून त्यांतून कागदी लगद्याच्या देहाकृती काढीत आणि कामाची वाटणी अनेक कारागिरांत करीत. साचा एकदाच घडवून शेकडो वेळा वापरला की, त्याचा खर्च प्रत्येक नमुन्यावर थोडा पडतो. विसाव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेला हा कारखाना त्या शतकाच्या अखेरीस बंद पडला. सांप्रत तयार मिळणाऱ्या पॉलियुरेथेन फेसाच्या देहाकृतींमुळे लहान कारागिरालाही हा लाभ मिळतो.

तासाचा दर : रास्त किंमत काढण्यासाठी प्रथम तासाचा दर निश्चित करावा लागतो. त्यासाठी वर्षाचा व्यवसायखर्च (भाडे, वीज, हत्यारे, विमा, परवाने इ.) व कारागिराचे अपेक्षित वार्षिक उत्पन्न यांची बेरीज करून तिला आकारणीयोग्य तासांनी भागतात. चूक होते ती बहुधा भाजकात. पत्रव्यवहार, ग्राहकांशी बोलणे, खरेदी, साफसफाई, नोंदी ठेवणे व हत्यारांना धार लावणे यांत जाणारा वेळ कोणत्याही एका नमुन्याच्या खाती पडत नाही. पण तो कामाचाच वेळ असतो.

पद्धत स्पष्ट करण्यापुरते एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. एक कारागीर वर्षातून ३०० दिवस, रोज ८ तास काम करतो. म्हणजे एकूण तास २,४०० होतात. त्यांपैकी एकतृतीयांश वरील किरकोळ कामांत जातात व आकारणीयोग्य तास १,६०० उरतात. व्यवसायखर्च २,४०,००० रु. व अपेक्षित उत्पन्न ५,६०,००० रु. धरल्यास बेरीज ८,००,००० रु. होते आणि तासाचा दर ५०० रु. येतो. पाळीव कोंबड्याच्या नमुन्यास १४ तास लागल्यास श्रमाचे ७,००० रु., सामग्रीचे ९०० रु. व जोखमीसाठी या दोहोंच्या बेरजेवर ५ टक्के म्हणजे ३९५ रु. मिळून किंमत ८,२९५ रु. होते. हाच कारागीर २,४०० तासांनी भागेल, तर त्याचा दर सु. ३३३ रु. होईल व जोखीम न धरता तो तोच नमुना सु. ५,५६० रुपयांस देईल. त्याला वर्षभर काम मिळेल, त्याचे हात क्षणभरही रिकामे राहणार नाहीत आणि तरीही वर्षअखेरीस त्याचा खर्च निघून अपेक्षित उत्पन्न हाती उरणार नाही. अशा वेळी कारागीर सहसा दर वाढवीत नाही. तो वेळ वाचवितो. कातडे पुरेसे खरवडले जात नाही, कमावणे आटोपते घेतले जाते. आणि काही वर्षांनी ओठ आक्रसतात, शिवणी उसवतात, कीड लागते. अपुऱ्या किंमतीचा तोटा शेवटी ग्राहकाकडेच परत येतो.

जोखीम व आगाऊ रक्कम : मृत्यूनंतर उष्णतेत कातडे लवकर कुजू लागते व जीवाणूंमुळे केस सुटतात. हे नुकसान पुष्कळदा कातडे धुताना किंवा कमाविताना प्रथम उघड होते. तोपर्यंत कारागिराचे अनेक तास खर्ची पडलेले असतात. म्हणून प्राणी स्वीकारताना त्याची स्थिती लिहून ग्राहकाची सही घेणे आणि कातडे मुळात खराब निघाल्यास झालेल्या कामाचे काय द्यावयाचे ते आधी ठरविणे उभयपक्षी न्याय्य ठरते. कारागिराच्या चुकीने झालेले नुकसान मात्र त्यानेच सोसले पाहिजे. वरील जोखमीची तरतूद याचसाठी असते.

निम्मी रक्कम आगाऊ घेण्याच्या प्रथेमागेही कारण आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार, सोपविलेल्या वस्तूवर श्रम वा कौशल्य खर्च करणाऱ्यास, विरुद्ध करार नसल्यास, योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क आहे. परंतु ठेवून घेण्याचा हक्क म्हणजे विकण्याचा हक्क नव्हे. शिवाय कोणाच्या तरी घरच्या लाडक्या कुत्र्याचा नमुना दुसरा कोणी विकत घेत नाही. म्हणून न नेलेला नमुना कारागिराच्या दृष्टीने निव्वळ तोटा असतो.

संग्रहालयांची कामे : संग्रहालयात एक भेद महत्त्वाचा असतो. अभ्यासासाठीची कातडी कापूस भरून, साध्या आडव्या स्थितीत ठेवलेली असतात. त्यांचे मोल स्थळ, दिनांक व मापे लिहिलेल्या चिठ्ठीत असते. प्रदर्शनासाठीच्या नमुन्यात मुद्रा, परिसर व पार्श्वभूमी यांचे काम चर्मपूरणाहूनही अधिक असू शकते. दोहोंसाठी एकच दर मागविणे किंवा केवळ सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणे अयोग्य होय. आसन, परिसर, वाहतूक व पुढील देखभाल यांचे दर स्वतंत्र मागविल्यास तुलना न्याय्य होते.

भारतातील स्थिती : भारतात वन्यप्राण्यांच्या बाबतीत किंमतीचा प्रश्न कायद्याने मुळातून बदलला आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने चर्मपूरणाची व्याख्या करून या व्यवसायास परवाना आवश्यक केला. १९८६ च्या दुरुस्तीने अनुसूचित प्राण्यांच्या व्यापाराबरोबर त्यांच्या व्यावसायिक चर्मपूरणासही बंदी केली, तर २००२ च्या दुरुस्तीने मालकीचे प्रमाणपत्र असलेल्या जुन्या शिकारचिन्हांचीही विक्री निषिद्ध केली. म्हणून भारतात अशा जुन्या वाघाला बाजारभाव असू शकत नाही. परदेशी लिलावांतील आकडे येथे गैरलागू होत.

उरते ते दोन प्रकारचे काम. एक, पाळीव प्राणी व पक्षी यांचे. आणि दुसरे, उद्यानांत वा प्राणिसंग्रहालयांत मरण पावलेल्या प्राण्यांचे शासकीय अनुमतीने शिक्षणासाठी केलेले. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ मध्ये सुरू झालेले वन्यजीव चर्मपूरण केंद्र दुसऱ्या प्रकारचे होय. दोन्हींत प्राण्याची किंमत शून्य धरावी लागते. पूर्वी शिकारीच्या प्रतिष्ठेआड व कातड्याच्या बाजारभावाआड झाकला गेलेला कारागिराचा तास त्यामुळे प्रथमच एकटा उरला आहे. या व्यवसायाला नवे शिकाऊ उमेदवार मिळणे वा न मिळणे हे त्या तासाला मिळणाऱ्या मोबदल्यावर अवलंबून राहील.