पूल पाय कुठे ठेवतो?

शिवडीहून गाडी अटल सेतूवर लागली की बघता बघता मुंबई मागे पडते आणि दोन्ही बाजूंना नुसतं पाणी उरतं. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला हा पूल २१.८ किलोमीटर लांब आहे, आणि त्यातला सुमारे १६.५ किलोमीटर भाग समुद्रावर आहे. लांबीचं कौतुक भरपूर झालं. मला थक्क करतं ते हे, की एवढा अजस्र पूल प्रत्येक पाऊल किती जपून टाकतो!

ओहोटीला शिवडीच्या किनाऱ्यावर चिखलच चिखल उघडा पडतो, फ्लेमिंगो त्यातच चोची खुपसून चरतात. असल्या गाळावर पूल उभा राहील कसा? तो गाळावर उभा नाहीच! गाळातून पोलादी नळकांडं खाली उतरवतात, आतून खोदत खडक गाठतात, सळ्यांचा पिंजरा सोडतात आणि काँक्रीट ओततात. पाण्यात? हो, पाण्यातच. थेट तळापर्यंत पोचलेल्या नळीतून ते सोडायचं. पाण्यापेक्षा जड असल्यामुळे ते खालून भरत येतं आणि पाण्याला वर लोटतं. पण ओलं काँक्रीट समुद्रात वाळणार कधी? त्याला वाळायची गरजच नसते. सिमेंट पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे दगडासारखं घट्ट होतं. नव्या स्लॅबवर आपण रोज पाणी मारतो ते उगाच नाही.

खांब कुठे रोवायचा, हा त्याहून अवघड प्रश्न. वरून मोकळा दिसणारा हा समुद्र बराच गजबजलेला आहे. तळाशी तेलवाहिन्या आहेत, वरून जहाजांची ये-जा चालते. अशा जागी पुलाला लांब ढांग टाकावी लागते, आणि इथली सर्वांत लांब ढांग आहे १८० मीटरची! एवढ्या अंतरावर काँक्रीटच्या तुळईची बरीचशी ताकद स्वतःचंच वजन पेलण्यात खर्ची पडते. मग काय करायचं?

जाड पुठ्ठ्याचा एखादा खोका फाडून बघा. आत नागमोडी कागद, बाहेर सपाट. वजन किरकोळ, तरी पुठ्ठा त्या घड्यांच्या दिशेने सहज वाकत नाही. या ढांगांवरचा रस्ता म्हणजे ऑर्थोट्रॉपिक स्टील डेक: वर पोलादी पत्रा आणि खाली त्याला जोडलेल्या लांबच लांब फासळ्या. रस्ता तुळईवर नुसता टेकलेला नाही, तोच तुळईचा भाग होऊन भार पेलतो. भारतात इतक्या मोठ्या प्रमाणावर हे तंत्र पहिल्यांदाच वापरलं गेलं. जपानसारख्या देशांतून आलेले भाग उरणजवळच्या करंजाला जोडले आणि बार्जवरून खांबांपर्यंत नेले.

आणि हे सगळं हलतं! १८० मीटर पोलाद ३० अंशांनी तापलं की साधारण साडेसहा सेंटिमीटर लांब होतं. जखडून ठेवलं तर त्याचा रेटा खांबांवर येईल. म्हणून तुळया बेअरिंगवर टेकवतात आणि सांध्यात फट ठेवतात. चाकाखाली ठरावीक अंतराने ‘धड्’ असा आवाज येतो ना, तोच तो सांधा. उन्हाळ्यातल्या भर दुपारी तिथली फट अरुंद असते, पहाटेच्या गारव्यात रुंद.