दोघांची सहल आणि सोबतीला कृष्णा

लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा बाहेर पडलो ते अकरा जण मिळून. टेम्पो ट्रॅक्समध्ये पुढे सासरे आणि चुलत सासरे, मधे सासूबाई, नणंदा आणि त्यांची मुलं, आणि मागच्या आडव्या बाकावर फराळाच्या डब्यांशेजारी आम्ही नवरा-बायको. नरसोबाची वाडी, जोतिबा, कोल्हापूर करून रात्री घरी. त्यानंतरच्या बावीस वर्षांत आम्ही पुष्कळ फिरलो, पण दोघंच असे कधी नाही. कधी सासऱ्यांचं आजारपण, कधी मुलाची दहावी-बारावी, कधी माझी पेपर तपासणी, तर कधी यांच्या बँकेचं ऑडिट.

2024 साली मुलगा शिकायला बंगळूरला गेला. एका रात्री जेवताना माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघं फक्त त्याच्या फोनबद्दल बोलतो. फोन आला नसेल तर बोलतच नाही. मी भात वाढता वाढता म्हटलं, "आपण दोघंच कुठंतरी जाऊन येऊ या का?" हे दचकलेच. "दोघंच? आणि अव्वा?"

प्रश्न बरोबर होता. सासूबाई आमच्याजवळच असतात. उत्तर मात्र आतल्या खोलीतून त्यांनीच दिलं. "नीविब्बरे होग्री." तुम्ही दोघंच जा. शेजारच्या वहिनी सोबतीला झोपायला येतील हेही त्यांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

सुट्टी अलीकडची, गाव पलीकडचं

महाबळेश्वर ठरलं. बेळगावहून साताऱ्यापर्यंत महामार्ग, तिथून मेढ्यावरून केळघरचा घाट चढला की गाव. सगळं मिळून सुमारे 290 किलोमीटर. थांबत थांबत गेलं तर सहा-सात तास लागतात. दोन मुक्कामांच्या सहलीला यापेक्षा लांब जाऊ नये, नाहीतर सुट्टी गाडीतच संपते.

आता जायचं कधी? दिवाळीची सुट्टी, नाताळ, 26 जानेवारीला जोडून आलेला शनिवार-रविवार या दिवसांत पुणे-मुंबईची माणसं तिथं आधीच पोचलेली असतात. पावसाळ्यात जायची हौस असेल त्याने जरूर जावं, पण वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावात छत्री ही नुसती शोभेची वस्तू ठरते.

इथं आपण सीमेवर राहतो त्याचा एक फायदा सांगते. दोन राज्यांच्या सुट्ट्यांच्या याद्या शेजारी ठेवून पाहा. कनकदास जयंतीची सुट्टी कर्नाटकात असते, महाराष्ट्रात नसते. 2024 साली ती 18 नोव्हेंबरला, सोमवारी आली. शनिवारी मी एक किरकोळ रजा टाकली, यांनाही मिळाली, आणि तीन दिवस हातात आले. रविवारी दुपारी बाकीची माणसं परतू लागतात. म्हणजे रविवार दुपार ते सोमवार सकाळ हा सगळ्यांत निवांत वेळ, आणि तो फक्त आपल्या बाजूच्या लोकांना मिळतो. जे शांतपणे पाहायचं ते याच वेळेसाठी राखून ठेवावं.

खोली ठरवताना फोनवर चार गोष्टी विचारून घ्याव्यात. गाडी दारापर्यंत जाते का, गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं, खोलीला पायऱ्या किती, आणि भाड्यात नाश्ता धरलाय का. आम्हाला शनिवारचं भाडं रविवारच्या जवळजवळ दुप्पट सांगितलं. म्हणून पहिल्या रात्री बाजारापासून लांबची साधी खोली घेतली आणि दुसऱ्या रात्री त्याच घरातली दरीकडची.

एकोणीस ठिकाणं आणि एक भांडण

आमचे हे बँकेतले. त्यांनी फुलस्केप कागदावर रकाने आखून कार्यक्रम तयार केला. विल्सन पॉइंट, केट्स पॉइंट, ऑर्थर सीट, लॉडविक, बाँबे पॉइंट, लिंगमळ्याचा धबधबा, वेण्णा तलाव, प्रतापगड, तापोळा, पाचगणीचं टेबल लँड... मोजली तर एकोणीस ठिकाणं भरली. प्रत्येकापुढे वेळ. एका ठिकाणी तर "चहा 10 मि." असंही लिहिलेलं. मी म्हटलं, "ही सहल आहे की तपासणी?" त्यांना राग आला. "मग तूच कर." दोन दिवस तो कागद फ्रिजवर चुंबकाखाली नुसता लटकत राहिला.

मार्ग निघाला तो सासूबाईंमुळे. त्याआधी थोडं मागचं सांगायला हवं. आमचं सासर अथणी तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. मी लग्न होऊन तिथं गेले तेव्हा मला बाजारापुरतं कन्नड येत होतं. दुसऱ्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "होळिगे होगोण." मी पदर खोचून पुरण शिजवायच्या तयारीला लागले. त्यांना म्हणायचं होतं, नदीवर जाऊ या. नदी म्हणजे होळी, आणि पुरणपोळी म्हणजे होळिगे. आवाजातला ऱ्हस्व-दीर्घ कळायला मला वर्ष लागलं. या चुकीवर घरातले अजून हसतात.

2019 च्या ऑगस्टमध्ये तीच नदी घरात शिरली. देव्हाऱ्यापर्यंत पाणी होतं. त्यानंतर सासूबाई बेळगावला आल्या त्या आमच्याकडेच राहिल्या. पूर्वी नदीविषयी भरभरून बोलणाऱ्या बाई, पण पाच वर्षांत त्यांनी नदीचं नावही काढलं नव्हतं. फ्रिजवरचा कागद बघून त्यांनी विचारलं, "ह्यात कृष्णा कुठं आहे? तिथंच उगवते ना ती? तिथं एवढीशीच असते म्हणतात. बघून या."

एकोणीस ठिकाणांत खरंच कृष्णा नव्हती! आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्या रात्री जुन्या कागदाच्या पाठीवर नवा कार्यक्रम लिहिला. कृष्णा जिथं निघते तिथं जायचं आणि परतताना जमेल तितकं तिच्या काठाने यायचं. बाकी जे वाटेत येईल ते. प्रतापगड मीच खोडला. 1659 साली जिथं अफजलखानाचा वध झाला आणि 2025 साली ज्याला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं, तो गड घाईत उरकण्याचा नाही. त्याला वेगळा दिवस हवा, आणि तेव्हा मुलगा बरोबर हवा.

नवरा-बायकोने सहल आखताना हे एवढं करावं असं मी सांगेन. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर एकच गोष्ट लिहावी, जी पाहिली नाही तर हळहळ वाटेल अशी. त्या दोन गोष्टी ठेवाव्यात आणि उरलेल्यांवर काट मारावी. माझ्या कागदावर भिलार होतं, यांच्या कागदावर कृष्णा.

डोंगरावरचे दोन दिवस

शनिवारी पहाटे पाचला निघालो. महाराष्ट्रात विधानसभेचा प्रचार ऐन रंगात होता, त्यात रस्तारुंदीची कामं, त्यामुळे दुपारचा दीड वाजला. त्या दिवशी संध्याकाळी बाजारात चालणं, चणे खाणं आणि लवकर झोपणं यापलीकडे काही ठेवलं नव्हतं, तेच बरं झालं. 1828-29 च्या सुमारास गव्हर्नर जॉन माल्कम याने हवा खाण्यासाठी हे ठाणं वसवलं, म्हणून या बाजाराला माल्कम पेठ म्हणत. नोव्हेंबरातली रात्र चांगलीच गार असते, स्वेटर विसरू नये.

रविवारी विल्सन पॉइंटवर सूर्योदय पाहिला. 1,439 मीटरवरची ही इथली सर्वांत उंच जागा. मग भिलार. 2017 साली हे पुस्तकांचं गाव म्हणून सुरू झालं. लोकांनी आपल्या घरांत पुस्तकांसाठी खोल्या दिल्या आहेत, कुठं कथा-कादंबऱ्या, कुठं कविता, कुठं बालसाहित्य. वेण्णा तलावापाशी गाड्यांच्या रांगेत अर्धा तास गेला, पण भिलारला पोचल्यावर कोणी घाई केली नाही. यांचं शिक्षण कन्नड माध्यमातलं, मराठी वाचन सावकाश. त्यांनी लहान मुलांचं एक पुस्तक उचललं आणि ओसरीवर बसून मला मोठ्याने वाचून दाखवलं. दोन ठिकाणी अडखळले. मी वर्गात मुलांना लगेच थांबवते, इथं थांबवलं नाही.

दुपारी चारला क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. गावापासून सहाएक किलोमीटर. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. तिथं दर्शन घेतलं आणि जवळच्याच कृष्णाबाईच्या देवळात गेलो. जुनं, काळ्या दगडाचं, शेवाळलेलं देऊळ. गोमुखातून पाण्याची धार कुंडात पडते. समोर दरी. आम्ही होतो तेव्हा तिथं चार-पाच माणसंच होती.

हे बराच वेळ त्या धारेखाली हात धरून उभे होते. मग पायरीवर बसले आणि बोलू लागले. 2019 ला आईला आणायला गेलेले त्या रात्रीचं. गावात होडीतून जावं लागलं, आई देव सोडून निघायला तयार नव्हती, शेवटी तिला उचलून होडीत घ्यावं लागलं, आणि तिने वाटभर एक शब्द बोलला नाही. "मला वाटलं होतं, ती मला माफ करणार नाही," म्हणाले. पाच वर्षं आम्ही एका घरात राहत होतो आणि यांतलं मला एवढंच माहीत होतं की आईंना सुखरूप आणलं. मी काही विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. पहिल्या कागदाप्रमाणे त्या वेळी आम्ही बाँबे पॉइंटवर सूर्यास्ताला जागा धरत असतो.

परतीची वाट

सोमवारी नाश्ता करून निघालो, पाचगणीवरून पसरणी घाटाने वाईला. वाईला कृष्णा घाटांमधून वाहते, काठावर ढोल्या गणपती. मराठी शिकवणाऱ्या माणसाने विश्वकोशाच्या या गावाला नमस्कार करायचाच असतो, तो केला.

जेवायला कऱ्हाडला थांबलो ते प्रीतिसंगमावर. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या एकाच डोंगरावर निघतात. कृष्णा वाईकडून येते, कोयना दक्षिणेला लांबचा वळसा घालून, मोठं धरण भरून येते, आणि कऱ्हाडला दोघी समोरासमोर भेटतात. तिथून पुढे सांगली, नरसोबाची वाडी, आणि मग आपला जिल्हा. अरबी समुद्र उगमापासून जेमतेम 64 किलोमीटरवर, पण ही पाठ फिरवून सुमारे 1,400 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. वाटेत भाषा बदलतात, नाव तेच राहतं.

कऱ्हाडहून आम्ही महामार्ग धरला. संध्याकाळी सहाला घरी. तीन दिवसांत ठरवून अशी पाच-सहाच ठिकाणं पाहिली.

सासूबाईंना बाटलीतलं पाणी दिलं, मोबाइलवर गोमुखाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"इष्टेना?" म्हणाल्या. एवढीच?

मग बाटली घेऊन त्या देव्हाऱ्यापाशी गेल्या. थोडं पाणी तांब्यात ओतलं, थोडं तुळशीला घातलं. रात्री जेवताना त्यांनी आपण होऊन लेकाला विचारलं, "गावाकडच्या घराची मागची भिंत अजून उभी आहे का रे? एकदा बघून येऊ." या खेपेला तिघंच जाणार आहोत.