चिंचोके आणि रेडियम

अणुगर्भ डोळ्यांस दिसत नाहीं, हातीं येत नाहीं. मग तो शिकवावा तरी कसा? पुष्कळ वर्षें मीं फळ्यावर सूत्र लिहून वेळ निभावून नेली. रेडियमचें अर्धायुष्य सुमारें १६०० वर्षें, हें वर्गास पाठ झालें. परंतु ३२०० वर्षांनीं काय उरेल असें विचारतांच निम्म्याहून अधिक मुलांनीं 'कांहीं नाहीं' असें उत्तर दिलें. दोष मुलांचा नव्हता.

पुढें मीं शंभर चिंचोके मधोमध फोडून वर्गांत नेले. पटावरच्या खेळांत कवड्यांऐवजीं वापरतात तसे. प्रत्येक तुकडा म्हणजे एक अणुगर्भ. ज्याची पांढरी बाजू वर पडेल त्याचें विघटन झालें. तो काढून ठेवावा व उरलेले पुन्हा टाकावे. दोनशेंचे शंभराच्या आसपास उरले, त्यांचे पन्नासाच्या, मग पंचविसाच्या. ३२०० वर्षांनीं चौथा हिस्सा उरतो, हें सांगावें लागलें नाहीं.

पांचव्या खेपेनंतर एका मुलीनें विचारलें, "सर, हे तुकडे इतक्या वेळां वांचले; आतां त्यांची पाळी जवळ आली असेल ना?" हा प्रश्न सूत्रानें कधींच निघाला नसता. मनुष्य म्हातारा होतो, अणुगर्भ होत नाहीं. जो काल निर्माण झाला आणि जो हजार वर्षें टिकला, त्या दोघांस उद्यां फुटण्याचा संभव सारखाच. 'अर्धायुष्य' या शब्दांतील आयुष्यानेंच हा घोटाळा केला आहे, असें मला वाटतें.

हा संभव मात्र प्रत्येक जातीचा निराळा. चिंचोक्यांऐवजीं फांसे टाकून केवळ सहा पडलेले काढले, तर निम्मे उरण्यास सुमारें चार खेपा लागतात. तसेंच आयोडिन-१३१ आठ दिवसांत निम्में होतें, तर युरेनियम-२३८ यास साडेचार अब्ज वर्षें लागतात. १९०० सालीं रदरफर्ड यांनीं मॉन्ट्रिअल येथें थोरियमपासून निघणारा वायु तपासला, तेव्हां त्याची किरणशक्ति सुमारें मिनिटाभरांत निम्मी होते असें त्यांस आढळलें.

शेवटीं चार तुकडे उरले आणि त्या खेपेस एकही पांढरा पडला नाहीं. मुलें हंसलीं, नियम मोडला म्हणालीं. मीं त्यांस एका मिलिग्रॅम रेडियममधील अणूंची संख्या लिहावयास सांगितली: २७, आणि पुढें सतरा शून्यें.