बुडणाऱ्या देशाचा सातबारा

पॅसिफिक महासागरात तुवालू नावाचा देश आहे. नऊ लहान बेटे, सगळी मिळून जमीन २६ चौरस किलोमीटर, लोकसंख्या दहा-अकरा हजार. म्हणजे आपल्याकडचे एखादे बाजाराचे गाव. पण त्याला पंतप्रधान आहे, संसद आहे आणि २००० सालापासून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्याचे मत भारत-चीनच्या मताइतकेच मोजले जाते.

या देशातली सर्वांत उंच जागा समुद्रापासून जेमतेम साडेचार मीटर. आणि समुद्र चढतो आहे. २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेसाठी तिथले मंत्री सायमन कोफे कोट-टाय घालून, विजार दुमडून गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि त्यांनी तिथूनच भाषण केले. जगाला गंमत वाटली. कायदेपंडितांपुढे मात्र एक जुना दस्तऐवज उघडा पडला होता.

१९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ करारात देशाची चार लक्षणे सांगितली आहेत : कायम वस्ती, ठरावीक भूभाग, सरकार आणि इतर देशांशी व्यवहार करण्याची क्षमता. देश जिंकले गेले, विलीन झाले, त्यांच्या फाळण्या झाल्या. पण जमीनच बुडाली तर काय, हे कुणी लिहून ठेवले नाही.

हा प्रश्न नुसत्या अभिमानाचा नाही, पोटाचा आहे. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर त्या त्या देशाचा हक्क असतो. तुवालूचा असा समुद्र सात लाख चौरस किलोमीटरहून अधिक भरतो, महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. परदेशी बोटी तिथे ट्यूना पकडतात आणि त्यांच्या परवाना-शुल्कावर सरकारचा मोठा खर्च चालतो. आता किनारा मागे सरकला, तर हद्दही मागे सरकायची काय? आणि माणूस राहू शकणार नाही असे नुसते खडक उरले, तर सागरी कायद्याच्या १२१ व्या कलमाप्रमाणे त्यांना हे २०० मैल मिळतच नाहीत.

बँकेत असताना नदीकाठच्या जमिनी तारण घेण्याचे प्रसंग येत. सातबाऱ्यावर क्षेत्र पुरते असे. पाहणीला जावे तर निम्मे शेत नदीने कापून नेलेले. शेतकरी पाण्याकडे बोट दाखवून म्हणे, "साहेब, त्या तिथवर आपलंच." आम्ही तेवढे कर्ज कमी करत असू. आंतरराष्ट्रीय कायद्याने मात्र आता शेतकऱ्याची बाजू घेतली आहे.

२३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानबदलाविषयी एकमताने सल्लागार मत दिले. मूळ कल्पना २०१९ साली दक्षिण पॅसिफिक विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांची. वानुआतूने ती उचलली आणि २०२३ मध्ये आमसभेने ठराव करून न्यायालयाकडे प्रश्न पाठवला. गवगवा झाला तो प्रदूषण आणि भरपाईचा. पण त्याच मतात म्हटले आहे, की सागरी हद्दीचे नकाशे एकदा रीतसर ठरले, की समुद्र चढला म्हणून ते बदलण्याचे बंधन नाही. आणि देश एकदा स्थापन झाल्यावर त्याचा एखादा घटक नाहीसा झाला, तर त्याचे देशपण संपेलच असे नाही.

"संपेलच असे नाही." ही भाषा बँकवाल्यांच्या चांगली ओळखीची. होकारही नाही, नकारही नाही. सरकार बसणार कुठे, कर कोण भरणार, परदेशात जन्मलेल्या नातवाला पासपोर्ट कोण देणार, याचा खुलासा नाही. शिवाय हे मत सल्ल्यापुरते, बंधनकारक नव्हे. तरीही मला ते मोलाचे वाटते. कारण उद्या एखादा बडा देश त्या मासळीवर जाळे टाकायला निघाला, तर दाखवायला कागद तरी असेल.

तुवालूने काही हेगची वाट पाहिली नाही. २०२३ मध्येच राज्यघटना बदलून देश कायम राहील असे लिहून घेतले. ऑस्ट्रेलियाशी केलेला करार २०२४ पासून लागू आहे. तुवालूचे देशपण टिकेल हे त्यात मान्य झाले आणि दरवर्षी २८० जणांना ऑस्ट्रेलियात स्थायिक होता येईल असे ठरले. बदल्यात, दुसऱ्या कुणाशी संरक्षणाचा करार करायचा तर ऑस्ट्रेलियाशी आधी एकमत व्हायला हवे. तारणाशिवाय कर्ज मिळत नाही, ते असे.

जागा वाटतात सोडतीने, म्हाडाच्या घरांसारख्या. २०२५ च्या पहिल्याच सोडतीला, कुटुंबीय धरून, आठ हजारांवर नावे आली. वर्षाला २८० या हिशेबाने सगळ्यांचा नंबर लागायला तीस वर्षे हवीत. न्यायालय बोलले ते एक घटक नाहीसा होण्याविषयी. इथे भूभागाच्या आधी वस्तीच निघालेली दिसते. दोन्ही गेल्यावर काय, ते त्या मतात नाही.