मुद्दल, व्याज आणि गोव्याचं लोखंड

‘विकास हवा की पर्यावरण?’ हा प्रश्न मला नेहमी परीक्षेतल्या निबंधासारखा वाटतो. दोन्ही बाजूंनी दोन-दोन पानं लिहायची आणि शेवटी ‘समतोल साधला पाहिजे’ म्हणून पेपर देऊन टाकायचा. समतोल कशाकशात, आणि तराजू कोणाच्या हातात, हे कोणी विचारत नाही. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ, गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींचं.

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागातल्या या खाणी. परवाने पोर्तुगीज अमलातले. माल ट्रकनं नदीकाठी यायचा, तिथून बार्जमध्ये भरून मांडवी-झुआरीतून मुरगाव बंदरात जायचा. मोठं गिऱ्हाईक आधी जपान. मग या शतकाच्या सुरुवातीला चीनची भूक वाढली आणि पूर्वी हलका म्हणून बाजूला टाकलेला मालही विकला जाऊ लागला. २०१०-११च्या सुमारास गोव्यातून होणारी निर्यात वर्षाला ५ कोटी टनांच्या घरात गेली होती. राज्याच्या उत्पन्नाचे आकडे अर्थातच छान दिसत होते.

आता बघा. समजा, एखादा शेतकरी दरवर्षी एकेक एकर जमीन विकतो आणि आलेले पैसे वहीत ‘उत्पन्न’ म्हणून लिहितो. गावातलं पोरसुद्धा सांगेल की हा मुद्दल खातोय. जॉन हिक्स या अर्थशास्त्रज्ञानं १९३९ साली उत्पन्नाची व्याख्या केली तीही जवळपास हीच आहे: ठरावीक काळात जेवढं खर्चूनही शेवटी आपली स्थिती सुरुवातीइतकीच राहते, तेवढंच उत्पन्न. पण जीडीपीच्या हिशेबात जमिनीतून काढलेलं खनिज जमेला धरतात आणि जमिनीत कमी झालेलं खनिज वजा करत नाहीत. म्हणजे ज्याला आपण ‘वाढ’ म्हणतो, तिचा काही भाग चक्क विक्री आहे. वाढ आणि पर्यावरण यांचं भांडण लावण्याआधी ही वही तपासायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

शहा आयोगाच्या अहवालानंतर २०१२मध्ये खाणी थांबल्या. पुढे गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. परवान्यांची मुदत २००७ सालीच संपली होती, त्यानंतरचं उत्खनन बेकायदेशीर, असं न्यायालयानं म्हटलं. बातम्या झाल्या त्या याच्या. मला मात्र त्यातल्या दुसऱ्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, अंतिम अभ्यास होईपर्यंत वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा. दोन, विक्रीच्या १० टक्के रक्कम एका कायमस्वरूपी निधीत टाकायची, आणि ती पिढ्यापिढ्यांमधल्या न्यायासाठी.

इथं आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांची एक जुनी अडचण येते. जो अजून जन्मालाच आला नाही, त्याचा हक्क कसा असू शकेल? हक्काला कोणीतरी धनी लागतो! यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. गोव्याच्याच गावकरीकडे पाहिलं तर गाठ बरीच सैल होते. पोर्तुगीजांच्याही आधीपासून गावची जमीन गावकऱ्यांच्या सामाईक ताब्यात असे. ती कसायला दिली जाई, गावचा खर्च भागवून जे उरेल त्याची वाटणी होई. वाटली जाई ती मिळकत. मूळ जमीन गावाचीच राही. (ती व्यवस्था काही समतेची नव्हती. वाटणी पुरुष गावकऱ्यांना, बाकीच्यांना फारसं काही नाही.) पण तिथं न जन्मलेल्या अमक्या माणसाचा हक्क सिद्ध करावा लागत नव्हता. आज ज्याच्या हातात जमीन आहे तो मालक नाही, राखणदार आहे, एवढं मानलं की पुरे.

मग निधी भरला की झालं? नाही. लोखंडाच्या बदल्यात पैसा ठेवता येतो. पण खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की पाणी उपसून बाहेर टाकावं लागतं, आणि आजूबाजूच्या विहिरी, झरे आटतात. एक टन खनिजासाठी कितीतरी जास्त माती उकरावी लागते. पावसात ती वाहून भातशेतीत बसते. निधीच्या व्याजातून टँकर येईल, झरा येणार नाही. काही मुद्दल असं असतं की त्याला बदली नाही, आणि तिथं हिशेब मांडण्यापेक्षा हात आवरणंच बरं.

राहिला ट्रकवाला. खाणी बंद झाल्या, सर्वांत आधी त्याचे हप्ते थकले. पर्यावरणाची बाजू घेणारे त्याच्याविषयी फार कमी बोलतात, हे मला पटत नाही. तोही त्याच गावचा, कित्येकदा त्याच आटलेल्या विहिरीचा. पण त्याला मिळत होतं ते भाडं. २००९पर्यंत सरकारची रॉयल्टीसुद्धा टनामागे ठरावीक रुपये होती, बाजारभाव कुठेही जावो! मुद्दल विकल्याचा मोठा फायदा तिसऱ्याच्याच खिशात गेला, आणि भांडत राहिले ट्रकवाला आणि शेतकरी. डोंगरात माल किती आहे, या वेगानं तो किती वर्षं पुरेल, एवढी साधी माहिती कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी त्याच्यासमोर कोणी ठेवली असती, तर त्यानं दुसरा ट्रक घेतला असता का?

असो, वेळ होत आली. आता तुमचे प्रश्न घेऊ.