मनगटावरील आरोग्य-घड्याळ : विश्वासार्हता, उपयुक्तता आणि खरेदीचा विवेक

गोषवारा
पावले, नाडी, झोप, प्राणवायू इत्यादींचे आकडे दाखविणारी स्मार्ट घड्याळे आज मध्यमवर्गीय घरांत सर्रास आढळतात. हे आकडे सारख्याच ठळकपणे पडद्यावर उमटत असले तरी त्यांची विश्वासार्हता सारखी नसते. काही आकडे मोजलेले, काही अनुमानित, तर काही केवळ दाव्याच्या पातळीवरचे असतात. प्रस्तुत लेखात हा भेद स्पष्ट करून घड्याळाच्या खरेदीचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : स्मार्ट घड्याळ, संवेदक, हृदयस्पंदन, शारीरिक हालचाल, मापनदोष.

१. प्रस्तावना
शारीरिक निष्क्रियता ही भारतीय समाजापुढील गंभीर समस्या आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा, तसेच ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचा अंदाज वर्तविण्यात आला. वाचन, लेखन, उत्तरपत्रिका-तपासणी आणि संगणकीय कामे यांत दिवस घालविणारा प्राध्यापकवर्ग या चित्राबाहेर नाही.

या पार्श्वभूमीवर आरोग्य-घड्याळाचे आकर्षण वाढणे स्वाभाविक आहे. दीड-दोन हजार रुपयांपासून पन्नास हजारांपलीकडे त्याच्या किमती जातात. ‘घड्याळ घ्यावे काय?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र किमतीवरून मिळत नाही. घड्याळ काय मोजते आणि त्या आकड्यावर कोणता निर्णय अवलंबून आहे, हे आधी पाहावे लागते.

२. उपकरणाची कार्यपद्धती
बहुतेक घड्याळांचा डोलारा दोन संवेदकांवर उभा असतो. पहिला ॲक्सिलरोमीटर. तो मनगटाच्या गतीतील बदल तीन दिशांनी टिपतो. चालताना हाताला येणारी लय ओळखून त्यावरून पावले मोजली जातात. म्हणजेच घड्याळ वास्तविक पाय नव्हे, हात मोजते. दोन्ही हातांत जड पिशव्या धरून चालल्यास काही पावले गळतात, तर भजनात टाळ्या वाजविताना काही वेळा बसल्या जागी पावले वाढतात.

दुसरा संवेदक प्रकाशाचा. घड्याळाच्या तळाशी लुकलुकणारा हिरवा दिवा त्वचेवर प्रकाश टाकतो. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्यागणिक त्वचेखालील रक्ताचे प्रमाण बदलते आणि परत येणारा प्रकाशही त्यानुसार कमीअधिक होतो. या चढउतारांवरून नाडीची गती काढली जाते. हे तत्त्व नवे नाही. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲल्रिक हर्ट्झमन यांनी १९३०च्या दशकातच त्याचा अभ्यास केला होता. सैल पट्टा, हाताच्या जोरदार हालचाली, मनगटावरील गोंदण आणि थंडीत त्वचेतील रक्तप्रवाहाचे घटलेले प्रमाण यांमुळे या मापनात व्यत्यय येतो. काही घड्याळांत तांबड्या व अवरक्त प्रकाशाचे दिवे, जीपीएस, तर महागड्या घड्याळांत ईसीजीची विद्युदग्रेही असतात. पडद्यावरचे उरलेले बहुतेक आकडे मात्र या मोजक्या नोंदींपासून गणिताने काढलेले असतात.

३. विश्वासार्हतेच्या तीन पायऱ्या
*(अ) मोजलेले आकडे :* पावले व नाडी ही पहिली पायरी होय. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ६० स्वयंसेवकांवर सात उपकरणांची चाचणी घेतली. त्यांपैकी सहा उपकरणांचा हृदयगतीतील दोष ५ टक्क्यांपेक्षा कमी होता. दैनंदिन वापरासाठी एवढी अचूकता पुरेशी मानता येते.

*(आ) अनुमानित आकडे :* त्याच चाचणीत खर्च झालेल्या कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाचा सरासरी दोष २७ टक्के, तर सर्वांत वाईटाचा ९३ टक्के आढळला. उपकरणे आता बदलली आहेत, पण अडचण मूलभूत आहे. कॅलरी मनगटावर मोजता येत नाही. वय, वजन, नाडी व हालचाल यांवरून ती अंदाजाने काढावी लागते. ‘आज तीनशे कॅलरी जाळल्या’ असे वाचून संध्याकाळी वडापाव खाणारी व्यक्ती एका अंदाजाच्या बळावर खराखुरा आहार वाढवीत असते.

झोपेचेही असेच आहे. निद्रेच्या अवस्था ठरविण्यासाठी प्रयोगशाळेत मेंदूचे विद्युत्-तरंग नोंदवावे लागतात. घड्याळ मुख्यतः निश्चलता व नाडी यांवरून तर्क करते. त्यामुळे अंथरुणात न हलता जागी असलेली व्यक्ती त्याच्या लेखी झोपलेली ठरू शकते. झोपेच्या आकड्यांच्या चिंतेनेच झोप बिघडलेल्या रुग्णांचे वर्णन २०१७ मध्ये अमेरिकन संशोधकांनी केले व या अवस्थेस ‘ऑर्थोसोम्निया’ असे नाव दिले.

रक्तातील प्राणवायूचा आकडा अधिक सावधगिरीने वाचला पाहिजे. पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात मांडले. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णालयांतील ऑक्सिमीटरनी कृष्णवर्णीय रुग्णांमधील प्राणवायूची घट गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा दडविल्याचे दिसले. बोटावरच्या वैद्यकीय उपकरणाची ही स्थिती असेल, तर मनगटावरच्या घड्याळाबाबत, विशेषतः सावळ्या त्वचेच्या समाजात, अधिक दक्षता आवश्यक ठरते.

*(इ) दाव्याच्या पातळीवरील आकडे :* तिसरी पायरी सर्वांत निसरडी आहे. सुई न टोचता रक्तशर्करा मोजण्याचा दावा करणारी घड्याळे व अंगठ्या वापरू नयेत, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. अशा कोणत्याही घड्याळास तोवर त्या संस्थेची मान्यता नव्हती. चुकीच्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन घेतल्यास शर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रक्तदाबाच्या बाबतीतही दंडपट्टीविना मोजणाऱ्या उपकरणांचा निदानासाठी वापर करू नये, अशी भूमिका युरोपीय उच्चरक्तदाब संस्थेने २०२२ मध्ये घेतली. काही घड्याळे रक्तदाब दाखवितात, परंतु त्यांपैकी अनेकांना अधूनमधून दंडपट्टीच्या यंत्राशी जुळवून घ्यावे लागते. याचा अर्थ मूळ यंत्राची गरज संपत नाही.

जाहिरातींचा क्रम नेमका याच्या उलट असतो. सर्वांत कमी विश्वासार्ह आकडे सर्वांत मोठ्या अक्षरांत छापले जातात. घरातील मधुमेही वा रक्तदाबाच्या रुग्णासाठी घड्याळ भेट म्हणून घेताना हा उलटा क्रम ध्यानात न घेतल्यास हानी पैशापुरती मर्यादित राहत नाही.

४. प्रत्यक्ष आरोग्यलाभ
घड्याळ वापरल्याने आरोग्य सुधारते काय? या प्रश्नाची उत्तरे परस्परविरोधी वाटतात. अमेरिकेत ४७१ जणांवर दोन वर्षे चाललेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दंडावर हालचालमापक बांधणाऱ्या गटाचे वजन सरासरी ३.५ किलोने, तर नेहमीच्या पद्धतीने प्रयत्न करणाऱ्या गटाचे ५.९ किलोने घटले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या सिंगापूरमधील ८०० कर्मचाऱ्यांच्या चाचणीत, ज्यांना पाऊलमापक दिले होते त्यांपैकी सुमारे दहा टक्केच लोक वर्षअखेरीस ते वापरत होते.

याउलट, २०२२ मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये अनेक आढाव्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार अशा उपकरणांमुळे चालणे दिवसाला सरासरी सुमारे १८०० पावलांनी वाढते आणि वजन सुमारे एक किलोने घटते. हे निष्कर्ष एकत्र वाचल्यास विरोध बराचसा मावळतो. घड्याळ माणसाला थोडे अधिक चालावयास लावते, पण वजन घटविण्याची हमी देत नाही. शिवाय ते कपाटात गेले की त्याचा परिणामही संपण्याची शक्यता असते.

पावलांच्या उद्दिष्टाबाबतही एक गैरसमज रूढ आहे. दहा हजार हा आकडा मुळात वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. जपानमध्ये १९६५ साली विक्रीस आलेल्या ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’, या उपकरणाच्या नावातून तो रूढ झाला. सुमारे ७२ वर्षे सरासरी वयाच्या १६,७४१ अमेरिकन स्त्रियांच्या २०१९ मधील अभ्यासात, रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युदर ४१ टक्क्यांनी कमी आढळला. सुमारे ७,५०० पावलांनंतर हा लाभ स्थिरावला. दहा हजार गाठता येत नाहीत म्हणून चालणेच सोडणाऱ्या ज्येष्ठांसाठी ही वस्तुस्थिती महत्त्वाची आहे.

हृदयाच्या अनियमित ठोक्यांची सूचना हा घड्याळाचा आणखी एक संभाव्य लाभ. ‘ॲपल हार्ट स्टडी’त (२०१९) सुमारे ४ लाख १९ हजार सहभागींपैकी केवळ ०.५२ टक्के लोकांना अशी सूचना मिळाली. पुढे ईसीजी पट्टी लावून तपासलेल्यांपैकी ३४ टक्क्यांमध्ये ॲट्रियल फिब्रिलेशन आढळले. म्हणून अशी सूचना आल्यास डॉक्टरांकडे जावे. सूचना आली नाही म्हणून मात्र निर्धास्त राहू नये. छातीत दुखत असताना घड्याळाकडे पाहत बसणे तर सर्वथा अयोग्य.

५. माहितीची मालकी
घड्याळ विकत घेतले तरी त्यातील नोंदी कंपनीच्या संगणकांवर साठू शकतात. व्यायाम-नोंदींच्या ‘स्ट्राव्हा’ या ॲपने प्रसिद्ध केलेल्या नकाशावरून लष्करी तळांच्या जागा उघड होत असल्याचे जानेवारी २०१८ मध्ये निदर्शनास आले. ‘फिटबिट’ ही कंपनी २०२१ मध्ये गूगलच्या मालकीची झाली. म्हणजे माहिती एका कंपनीस दिली तरी पुढे तिचा धनी बदलू शकतो. भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. तरीही अनावश्यक परवानग्या नाकारणे हाच ग्राहकाच्या हातचा पहिला उपाय आहे.

६. खरेदीचा विवेक
उपरोक्त विवेचनावरून काही व्यावहारिक सूत्रे मांडता येतात. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या घरात पहिला खर्च दंडपट्टीच्या प्रमाणित रक्तदाबमापक यंत्रावर व ग्लुकोमीटरवर व्हावा. त्यानंतर चालण्याच्या चांगल्या बुटांवर, आणि मग घड्याळावर. बहुतेक स्मार्टफोनमध्ये पावले मोजण्याची सोय असते. महिनाभर तिचा नियमित वापर केल्यास घड्याळ कपाटात जाईल की मनगटावर राहील, याचा अंदाज येतो.

घड्याळ घेतल्यावर त्याची परीक्षा घरीच करावी. मनाशी मोजत शंभर पावले चालून घड्याळाचा आकडा पाहावा. शांत बसून बोटांनी मिनिटभर नाडी मोजावी व त्याच वेळच्या घड्याळातील नोंदीशी ताडून पाहावी. एवढ्यातही मोठा फरक पडत असेल, तर उरलेल्या आकड्यांविषयी वेगळे सांगावयास नको.

७. समारोप
आरोग्य-घड्याळ हे वैद्य नव्हे, ती एक आठवण आहे. बसून राहण्याच्या सवयीची जाणीव करून देणे, चालण्याची नोंद ठेवणे आणि नाडीचा कल दाखविणे ही कामे ते वाजवी किमतीतही पुरेशी करते. एवढ्याच अपेक्षेने घेतल्यास ही खरेदी सार्थ ठरते व त्यासाठी महागड्या घड्याळाची सहसा गरज पडत नाही. निदान, औषधाची मात्रा आणि उपचार यांचे निर्णय मात्र त्याच्या पडद्यावर सोपवू नयेत.