उनकेश्वराचे ऊन पाणी

इटलीतील इस्किया या ज्वालामुखीच्या बेटावर गरम झऱ्यांत स्नान करण्यासाठी देशोदेशींचे प्रवासी जातात. सहलींच्या जाहिरातींतून अशी नावे आता लातूर-नांदेडच्या बाजारपेठेतही पोहोचली आहेत. मात्र निसर्गाचे तेच देणे नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या परिसरात, उनकेश्वर येथे आहे, याचे स्मरण आपल्यापैकी थोड्यांनाच असते.

व्याधीग्रस्त शरभंग ऋषींसाठी श्रीरामांनी बाण मारून हा झरा प्रकट केला, अशी तेथील आख्यायिका. शास्त्र निराळे कारण सांगते. इस्कियाच्या पोटात आग अजून धुमसते. तेथील शेवटचा उद्रेक 1302 सालचा. आपल्या दख्खनचा काळा पाषाणही लाव्हारसाचाच, परंतु ती आग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच विझली. आपल्याकडे पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते. भूगर्भात दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश उष्णता वाढत जाते. तापलेले पाणी वाटेतील खनिजे घेऊन वर येते. उनकेश्वरच्या पाण्यात गंधकाचा अंश आहे.

या स्नानाने आखडलेले सांधे व स्नायू सैल होतात. गंधक त्वचेवरील खपली मऊ करते, खाजही काहीशी शमवते. त्यामुळे त्वचारोगी येथे पिढ्यानपिढ्या येत आले. परंतु सुटका वाटणे वेगळे आणि रोग बरा होणे वेगळे. व्यापारी घरात त्वचेवरचा डाग पुष्कळदा झाकला जातो. सोयरीक मोडेल, चारचौघांत बोलले जाईल, ही धास्ती. मग डॉक्टरांऐवजी गुपचूप कुंडाची वाट धरली जाते आणि मोलाचा काळ हातचा जातो. कोड संसर्गजन्य नाही. बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. पण त्यावरील औषध शासकीय दवाखान्यात मोफत मिळते आणि सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. उशीर झाला, तर हातापायांचे व्यंग मात्र जन्मभर राहते.

म्हणून उनकेश्वरला अवश्य जावे, पण आधी निदान करून घ्यावे आणि चालू औषध सोडू नये. हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी व गर्भवतींनी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, तर पाण्याचा ताव कळत नाही, याचे भान ठेवावे. उघडी जखम घेऊन कुंडात उतरू नये. उपवास किंवा आयंबिल चालू असताना गरम पाण्यात फार वेळ बसल्यास भोवळ येते. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. साबण वापरू नये. पाण्यातील जीवांचा विचार आपल्याला नव्याने शिकवावा लागत नाही.

झरा शरीराला विसावा देतो. दुखणे घरच्यांना मोकळेपणी सांगता आले, तर मनालाही तो मिळेल.